‘करिंथकरांस पहिले पत्र’ : यातले ‘कर’ कोण, आणि ‘पहिले’ कसे?

प्रश्न : मराठी बायबलमधल्या नव्या कराराची अनुक्रमणिका चाळत होतो. रोमकरांस, करिंथकरांस, गलतीकरांस, इफिसकरांस... पुणेकर-सोलापूरकरांच्या पंगतीला करिंथकर बसलेले पाहून गंमत वाटली. हे ‘कर’ म्हणजे अख्खे गाव का? आणि ते ‘-स’ आता कोण बोलतं?

उत्तर : बोलत नाही, पण लिहीत होतो की! ‘राजमान्य राजश्री अमुक यांस’ हा मायना आजोबांच्या पत्रांत सापडेल. फरक एवढाच की आपण पाठवणाऱ्याचं नाव तळाशी टाकतो. ग्रीक पत्रात कोणाकडून आणि कोणाला, हे दोन्ही पहिल्याच ओळीत, मग ‘खायरेइन’ हे ठरलेलं अभिवादन. ही पत्रं लिहिणारा पौल, येशूचा आद्य प्रचारक, तिथे त्याच नादाचा ‘खारिस’, म्हणजे कृपा, हा शब्द घालतो आणि जोडीला शांती.

अख्खं गाव मात्र नाही. पत्र आहे ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमणाऱ्या विश्वासणाऱ्यांना. मथळे मागाहून, पत्रं एकत्र बांधली तेव्हाचे.

आणखी एक : ‘कर’ला जन्मगाव लागत नाही, हेही लक्षात घ्या. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं बघा. अक्विला मूळचा पंतचा, म्हणजे काळ्या समुद्राकाठचा. बिऱ्हाड रोममध्ये. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून घालवलं तेव्हा दोघं करिंथला आली. धंदा तंबू शिवण्याचा, पौलाचाही तोच, म्हणून तो त्यांच्याकडे उतरला. पुढे करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात ती दोघं आशिया प्रांतातून (म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातून) सलाम पाठवतात आणि रोमकरांच्या पत्रात पौल त्यांनाच सलाम सांगतो, म्हणजे परत रोमला! आता यांना कुठले ‘कर’ म्हणायचं?

शंका : गलतीकर खटकतं. गलतिया गाव नाही, आजच्या तुर्कस्तानातला मुलूख. आपण खानदेशकर म्हणत नाही, खानदेशी म्हणतो.

— गोवेकर म्हणतोच ना?

— बरं, गोवेकर मान्य. पण घोळ तिथेच आहे. गलती म्हणजे उत्तरेकडे वसलेले केल्ट वंशाचे लोक, की त्याच नावाच्या रोमी प्रांतातल्या इकुन्या, लुस्त्र, दर्बे अशा दक्षिणेकडच्या गावांतले? अभ्यासकांत अजून दोन तट आहेत. पत्र कधीचं, हेही त्यावर अवलंबून. ‘कर’ लावल्यावर सगळं मिटल्यासारखं वाटतं, एवढंच.

त्यावर : इफिसकरांची गोष्ट त्याहून मजेदार. इ.स. 200च्या सुमाराच्या, पपायरसवर (लव्हाळ्याच्या कागदावर) लिहिलेल्या प्रतीत पहिल्या ओळीत ‘इफिस येथील’ हे शब्दच नाहीत. चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांच्या मूळ मजकुरातही नाहीत. पौल इफिसमध्ये सुमारे तीन वर्षं राहिला, तरी पत्रात तिथल्या एकाचंही नाव घेऊन सलाम नाही, उलट तुमच्या विश्वासाविषयी ऐकलं असं लिहितो. शेजाऱ्यांना असं कोण लिहितं? अनेक मंडळ्यांत फिरवायचं पत्र असावं, हा तर्क मला पटतो.

प्रश्नकर्ता : आणि ‘पहिले’?

उत्तर : पहिले नाहीच! पाचव्या अध्यायात पौल स्वतःच म्हणतो, मी मागच्या पत्रात तुम्हांला लिहिलं होतं. ते हरवलं. सातव्यात, तुम्ही लिहिलेल्या गोष्टींविषयी, अशी सुरुवात. म्हणजे करिंथकरांचंही पत्र आलं होतं, तेही गेलं. त्यामुळे कुठलं वाक्य पौलाचं आणि कुठलं त्यांचं उचलून त्याने उत्तर दिलेलं, हे ओळखणं अवघड होऊन बसतं. फोनवर एकाच बाजूचं ऐकू यावं तसं. रोमकरांस आधी छापतात तेही काळाने नव्हे, लांबीने. मंडळ्यांना लिहिलेल्यांत ते सर्वांत मोठं.

शेवटी, मथळ्यात ‘पौलाचे पत्र’ असं म्हणतात त्यातल्या ‘चे’विषयी : रोमकरांच्या पत्रात लेखनिक तर्तिय मध्येच स्वतःचा सलाम घालतो. करिंथकरांच्या पत्रात पाठवणाऱ्यांत सोस्थनेसही आहे. पौलाच्या नावावरची पत्रं 13, त्यांतली सात निर्विवाद त्याची मानतात. बाकीच्यांवर वाद. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर लिहिणाऱ्याचं नावच नाही. ते कोणी लिहिलं हे देवालाच ठाऊक, असं ख्रिस्ती पंडित ओरिगेन तिसऱ्या शतकातच म्हणून गेला.