म्हापसा–पणजी रोजची फेरी: हायब्रीडला १७चंच मायलेज का?

बार्देशकर
नमस्कार मंडळी. गाडी १.५ लिटर पेट्रोलची स्ट्राँग हायब्रीड एसयूव्ही (इंजिनासोबत बॅटरीवरच्या मोटरनेही चालणारी), १४ महिने जुनी, ११,००० किमी झालेली. रोज म्हापसा–पणजी–म्हापसा, एका बाजूने साधारण १३ किमी. संध्याकाळी बाजार, मुलांचा क्लास अशा दोन-तीन छोट्या फेऱ्या वेगळ्या. स्क्रीनवर लिटरला १८.४ किमी दिसतं, टाकी ते टाकी काढलं तर १७.१ येतं. कागदावर २७ च्या वर आहे. इको मोड कायम चालू, ईव्ही बटण (फक्त बॅटरीवर चालवणारं) जमेल तिथे दाबतो, पर्वरीच्या कोंडीत गिअर एन (न्यूट्रल) वर टाकतो, एसी २१ वर. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "नॉर्मल आहे." खरंच नॉर्मल आहे की माझं काही चुकतंय?

ॲटकिन्सन
चुकतंय, आणि चुका तुम्हीच लिहून दिल्या आहेत. आधी एन सोडा. या गाड्यांमध्ये एन वर असताना हायब्रीड बॅटरी चार्ज होत नाही, पण एसी तिच्यातून वीज ओढतच राहतो. कोंडी सुटेपर्यंत बॅटरी खाली गेलेली असते आणि मग इंजिनाला गाडी ओढायची आणि बॅटरी भरायची, अशी दोन्ही कामं एकदम करावी लागतात. डी (ड्राइव्ह) वरच ठेवा, ब्रेक किंवा ऑटो होल्ड (पाय न ठेवता ब्रेक धरून ठेवणारी सोय) वापरा. फारच वेळ थांबायचं असेल तर पी (पार्किंग).

दुसरं ते ईव्ही बटण. ते पहाटे आवाज न करता गाडी गेटबाहेर काढायला आहे, मायलेजसाठी नाही. टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा या अशाच गाड्यांची हायब्रीड बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची आहे. सिस्टम ती पूर्ण रिकामी करत नाही आणि पूर्ण भरतही नाही. वापरायला मिळतो साधारण अर्धा भाग. एसी, पंखा, दिवे मिळून एक किलोवॅट धरला, तर गाडी जागेवरून न हलताही वीसेक मिनिटांत तेवढी वीज संपते. आणि त्यातली बहुतेक वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. इंजिन, जनरेटर, बॅटरी, मोटर या वाटेत प्रत्येक टप्प्यावर थोडी गळते. फुकट मिळते ती फक्त ब्रेक लावताना परत आलेली. म्हणून "आज ईव्ही ६५ टक्के" (म्हणजे इतका भाग इंजिन बंद) हा आकडा बघून खूश होण्यात अर्थ नाही.

चालवायचं कसं, ते तुमच्याच रस्त्यावर सांगतो. गिरीहून पर्वरीचा चढ लागला की इंजिन सुरू होऊ द्या. मधल्या भारावर हे इंजिन सगळ्यात चांगलं काम करतं. पॅडल इतकं हळू दाबायचं की इंजिन लागूच नये, हा हट्ट चढावर महागात पडतो. हवा तो वेग, समजा ६०, सरळ गाठा. पाय क्षणभर पूर्ण उचला म्हणजे इंजिन बंद होईल. मग वेग टिकेल इतकाच हलका दाब द्या. सपाटीवर हे चक्र पुन्हा पुन्हा करायचं. पर्वरी संपून मांडवीच्या पुलाकडे उतार लागतो तिथे पाय लवकर काढा. पुढे ब्रेकदिवे दिसले की लांबूनच हलका ब्रेक धरून ठेवा, मीटरची सुई चार्जच्या (बॅटरी भरण्याच्या) पट्ट्यात राहील एवढाच. करकचून दाबला की पट्टा भरतो आणि उरलेली ऊर्जा डिस्क तापवण्यात जाते. अगदी शेवटच्या आठ-दहा किमी वेगाला नेहमीचेच ब्रेक लागतात, तिथे काही वाचत नाही.

इको मोडने पॅडल मऊ होतं आणि एसीचा जोर थोडा कमी होतो, बाकी जादू नाही. पाय शहाणा असेल तर नॉर्मलवरही तेवढंच मिळतं.

फोंडा_गॅरेज
वरचं सगळं बरोबर, पण आधी गाडी नीट लोळते का ते बघा बाब. हायब्रीडचा फायदा पाय उचलल्यावर गाडी किती लांब जाते यावर आहे आणि तिथेच टायर-ब्रेक खोडा घालतात.

टायरची हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजा. पंपावर दहा किमी चालवून पोचलात तर टायर तापून तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दाखवतो आणि भरणारा "बरोबर आहे" म्हणून सोडून देतो. आपल्यासाठी आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा. त्याहून दोन पीएसआय जास्त चालतात, त्यापुढे पावसात पकड जाते. शंभर-दीडशे रुपयांत बऱ्यापैकी गेज मिळत नाही. थोडा चांगला घ्या, पंधरा दिवसांनी एकदा वापरा.

ब्रेक जाम होणं ही इथली खास तक्रार. हायब्रीडमध्ये ब्रेकपॅड फारसे वापरलेच जात नाहीत, त्यात समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना कोरड्या पडतात, पॅड डिस्कला घासत राहतो. तपासायला सोपं: दहा-बारा किमी चालवा, शेवटी शक्यतो ब्रेक न दाबता गाडी थांबू द्या, मग हाताचा तळवा चारही रिमजवळ न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथे काम आहे. पिना काढून साफ करायच्या, सिलिकॉन ब्रेकग्रीस लावायचं; साधं चासी ग्रीस नको, रबराचे बूट फुगतात. पावसाळ्यानंतर हे एकदा करून घ्या. आणि आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, चार-पाच वेळा जरा जोरात ब्रेक मारा, डिस्कवरचा गंज निघून जातो.

खड्ड्यांमुळे अलाइनमेंटही (चाकांची सरळ रेषा) जाते. स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला जात असेल किंवा टायरची एक कड झिजत असेल तर वाट बघू नका.

अजून एक, जे कोणी बघत नाही: हायब्रीड बॅटरीला थंड हवा देणारी जाळी. बहुतेक गाड्यांत ती मागच्या सीटच्या आसपास असते, तुमच्यात नेमकी कुठे ते पुस्तिकेत बघा. तिच्यासमोर पिशव्या, चटई ठेवली किंवा किनाऱ्यावरची रेती, कुत्र्याचे केस अडकले की बॅटरी तापते. तापली की सिस्टम तिच्यातून कमी काम घेते आणि सगळा भार इंजिनवर येतो. जाळी व्हॅक्यूमने ओढून काढा, पाणी मारू नका.

इंजिन ऑईल पुस्तिकेत लिहिलेल्या पातळ ग्रेडचंच. "गोव्यात उष्णता जास्त, जाड घाला" असं सांगणारे भेटतात, ऐकू नका. पेट्रोलमध्ये ओतायची मायलेजची बाटली तर मुळीच नको.

साखळीकर
माझ्या मते खरा चोर संध्याकाळच्या फेऱ्या. थंड इंजिन सुरू झालं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) तापेपर्यंत ते बंद होत नाही, बॅटरी भरलेली असली तरी. दोन किमीची फेरी त्यातच संपते. क्लास, बाजार, औषधं एकाच फेरीत जोडा. सगळ्यात लांबचं काम आधी, म्हणजे इंजिन तापतं आणि पुढचे थांबे कमी पेट्रोलमध्ये होतात. सकाळी उभं राहून गरम करू नका, डॅशबोर्डवर "रेडी" दिसलं की निघा.

एसी २१ वरून २५ वर आणा. उन्हात उभी असलेली गाडी असेल तर काचा खाली करून पहिलं अर्धा किमी चालवा, मग एसी आणि आतली हवा फिरती ठेवा. पावसात काच धूसर झाली की समोरच्या काचेचं बटण दाबतो आपण. पुष्कळ गाड्यांत त्याने कंप्रेसर जोरात चालतो आणि बाहेरची दमट हवा आत येते. काच साफ झाली की ते बंद करा. लोक पणजीपर्यंत तसंच ठेवतात.

आणि २७ ची अपेक्षा सोडा. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला. शिवाय पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल): इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के तिथेच गेले. तुमच्या रस्त्याला २१-२२ चांगलं समजा.

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना गिअरची बी (गाडी इंजिनाने अडवणारी) जागा वापरा. थोड्या अंतरात बॅटरी भरते, मग इंजिन एकदम गुरगुरतं. ते ब्रेक म्हणून फिरतंय, पेट्रोल जळत नाही. सपाटीवर मात्र बी नको, पाय उचलला की गाडी तरंगायच्या ऐवजी अडते.

बार्देशकर
आज सकाळी थंड टायर मोजले. स्टिकरवर ३३; पुढचे २८ आणि २७, मागचे २९ आणि २६. मागचं डावं रिम बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागतंय.

फोंडा_गॅरेज
मग सुरुवात तिथूनच. चारहीत ३४ भरा, दोन दिवसांनी थंड असताना पुन्हा मोजा. २६ वालं परत उतरलं तर खिळा किंवा व्हॉल्व्ह. मागच्या डाव्याचा कॅलिपर उघडा, पार्किंग ब्रेक पूर्ण सुटतो का तेही बघायला सांगा. त्यानंतर एकाच पंपावर, पहिल्या कटला (नोझल आपोआप बंद होताच) थांबून, ओळीने तीन टाक्या भरा आणि एकूण किमी भागिले एकूण लिटर करून इथे टाका. स्क्रीनचा आकडा नको.