लाईट जाऊन आल्यापासून ऑफिसात नेट बंद, सर्व्हरवर मात्र चालू, डीएनएस गंडलाय का?

कृष्णाकाठ_९
नमस्कार मंडळी, सांगलीत आमचं सीएचं छोटं ऑफिस आहे, नऊ कॉम्प्युटर आणि एक उबुंटू २२.०४ चा सर्व्हर, त्यात दोन लॅन कार्ड, एक राऊटरकडे (१९२.१६८.१.२) आणि एक आतल्या स्विचकडे (१९२.१६८.१०.१). सगळ्यांना नेट सर्व्हरमधूनच मिळतं आणि डीएनएस (साईटच्या नावाचा आयपी पत्ता शोधणं), डीएचसीपी (कॉम्प्युटरना आयपी पत्ते वाटणं) दोन्ही त्याच्यावरचं डीएनएसमास्क नावाचं सॉफ्टवेअर बघतं. ज्यांनी हे बसवलं ते आता परदेशात असतात, फोन लागत नाही. काल रात्री लाईट गेली, यूपीएस पण संपला, सकाळी सर्व्हर चालू केला तर त्याच्यावर नेट आहे पण बाकी कुणाकडेच एकही साईट उघडत नाही. टॅली चालतंय म्हणजे आतलं नेटवर्क ठीक असावं. मी माझ्या कॉम्प्युटरवर हाताने डीएनएस ८.८.८.८ टाकून बघितला तर आता नावच सापडत नाही असा एरर येतो, म्हणून डीएनएसवर संशय आहे. आज १८ तारीख, २० ला जीएसटीचे थ्रीबी रिटर्न भरायचेत, पोरं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करतायत. कुठून सुरुवात करू?

वायरमन_कराड
राऊटर पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा आणि सगळ्यांकडे डीएनएस १.१.१.१ टाका, आमच्याकडे असंच सुटलं होतं.

पोर्ट_त्रेपन्न
ताई, सगळ्यांकडे डीएनएस बदलू नका, उलट गुंता वाढेल. सर्व्हरवर नेट आहे म्हणजे राऊटर पण बरा आहे. आधी ज्या कॉम्प्युटरला तुम्ही हात लावला नाही तिथे बसा आणि दोन गोष्टी करा, एनएसलुकअप कमांडने कुठल्याही साईटच्या नावाचा पत्ता विचारा, मग ८.८.८.८ ला पिंग मारा, म्हणजे तिथून उत्तर येतं का बघा. नावाचं उत्तर आलं आणि पिंग गेलं नाही तर डीएनएस ठणठणीत आहे, पाकिटं (डेटाचे तुकडे) सर्व्हर ओलांडून बाहेर जात नाहीयेत.

कृष्णाकाठ_९
अगदी तसंच झालं! एनएसलुकअपला १९२.१६८.१०.१ कडून उत्तर लगेच आलं, पिंग मात्र टाईमआऊट. मग माझ्याकडे नाव का सापडत नाही?

पोर्ट_त्रेपन्न
कारण बाकीच्यांचा प्रश्न डीएनएसमास्कला जातो, ते सर्व्हरवरच बसलंय आणि सर्व्हरला नेट आहे, म्हणून ते स्वतः बाहेर विचारून उत्तर आणून देतं. तुम्ही ८.८.८.८ टाकल्यावर तुमच्या कॉम्प्युटरला तो प्रश्न स्वतः बाहेर न्यावा लागतो आणि बाहेरचा रस्ताच बंद आहे.

रस्ता दोन गोष्टींनी उघडतो. एक, आयपी फॉरवर्ड, म्हणजे एका कार्डवर आलेलं पाकीट दुसऱ्या कार्डवरून पुढे पाठवायची कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) परवानगी. दोन, आयपीटेबल्स म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमधला मास्करेडचा नियम, तो बाहेर जाणाऱ्या पाकिटावर सर्व्हरचा स्वतःचा पत्ता घालतो. माझा अंदाज, ज्यांनी बसवलं त्यांनी दोन्ही कमांड हाताने दिल्या आणि सेव्ह केल्या नाहीत, सर्व्हर बंद झाला नाही तोवर चाललं, काल बंद झाला आणि गेलं. ईटीसी फोल्डरमधल्या सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाईलमध्ये आयपी फॉरवर्डची ओळ आधीपासून असते, तिच्यापुढचं हॅश चिन्ह काढा आणि सिसकंट्रोलने फाईल परत लोड करा.

कृष्णाकाठ_९
हॅश होतंच! काढलं, लोड केलं, किंमत आता १ दिसते, तरी पिंग नाही. सर्व्हरवर बाहेरच्या कार्डावर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारी कमांड) लावला तर १९२.१६८.१०.२५ कडून ८.८.८.८ ला पाकीट जाताना दिसतंय, परत काहीच येत नाही.

पोर्ट_त्रेपन्न
टीसीपीडम्प लावलात हे फार छान केलंत, त्यात सगळं दिसतंय. पाकीट बाहेर पडलं म्हणजे फॉरवर्ड चालू झालं, पण त्याच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता अजून १०.२५ च आहे. राऊटरला फक्त १९२.१६८.१ चं घर माहितीये, १०.२५ कुठे राहतो ते त्याला ठाऊक नाही, म्हणून उत्तर तुमच्यापर्यंत येतच नाही. मास्करेड असता तर तिथे १९२.१६८.१.२ दिसलं असतं. आयपीटेबल्सच्या नॅट टेबलमध्ये पोस्टराऊटिंग म्हणून यादी असते, पाकीट बाहेर निघताना लागणाऱ्या नियमांची, तिच्यात बाहेरच्या कार्डासाठी मास्करेड लावा. कार्ड नीट बघून घाला, आतलं घातलंत तर हेच चालू राहील. मग रीस्टार्टनंतरही नियम राहावेत म्हणून आयपीटेबल्स-परसिस्टंट पॅकेज टाका, टाकतानाच ते आत्ताचे नियम सेव्ह करू का विचारतं, हो म्हणा.

कृष्णाकाठ_९
चालू झालं!!! बाकी आठही जणांकडे जीएसटी पोर्टल उघडलं, पोरांनी हॉटस्पॉट बंद केले. संध्याकाळी सगळे गेल्यावर सर्व्हर मुद्दाम रीस्टार्ट करून बघितला, दोन मिनिटांत नेट आपोआप आलं. मनापासून आभार दादा, दिवसभर पोटात गोळा होता. एकच राहिलं, आमचं कागदपत्रांचं पान आहे ना, कागद डॉट लॅन, ते फक्त माझ्याकडेच उघडत नाही, बाकी नेट छान चालतंय.

पोर्ट_त्रेपन्न
तुमच्याकडे अजून ८.८.८.८ आहे ना? ते नाव फक्त तुमच्या डीएनएसमास्कला माहितीये, बाहेर ते कुणालाच माहीत नाही. कार्डाच्या सेटिंगमध्ये डीएनएस परत ऑटोमॅटिक करा आणि साठवलेली जुनी उत्तरं पुसायला एकदा फ्लशडीएनएस कमांड मारा.

कृष्णाकाठ_९
उघडलं.