'लोन्सम एंड'ला मराठीत काय म्हणावं?

चौकस: वेस्ट पॉइंटच्या अमेरिकी लष्करी प्रबोधिनीच्या १९५८ च्या फुटबॉल हंगामावर लिहितोय. (अमेरिकी फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळतात तो.) त्यातल्या बिल कार्पेंटरला 'लोन्सम एंड' म्हणत; 'एंड' म्हणजे फळीच्या टोकाला खेळणारा. 'एकाकी टोक' लिहिलं तर वाचक थेट कोकणकड्यावर जाईल!

गोफण: 'एकाकी'त विरह येतो, 'एकलकोंडा' हा स्वभाव झाला. तो एकटा का असे?

चौकस: डावपेच. दोन चालींच्या मध्ये बाकीचे दहा जण कोंडाळं करून पुढचं ठरवत, हा दूर मैदानाच्या कडेलाच उभा. प्रशिक्षक रेड ब्लेक यांचं गणित असं, की दरवेळी तिथून पळत येऊन परत जायचं म्हटलं तर पोरगं दमेल. शिवाय त्याच्यामागे एक बचावपटू अडकला की समोरची फळी विरळ. चाल त्याला कळे ती क्वार्टरबॅक (चाल चालवणारा खेळाडू) जो काल्डवेलच्या पायांच्या ठेवणीवरून. बघणारे मात्र हंगामभर डोकं खाजवत होते.

घोडेस्वार: मग 'एकांडा' घ्या की. एकांडा शिलेदार कुठल्या पथकात नसे, स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला येई. लष्करी पोरांना शोभेल.

गोफण: आज एकांडा शिलेदार म्हणजे कुणाला न जुमानणारा. पक्षाशी फटकून वागणाऱ्या आमदाराला पेपरवाले हेच म्हणतात. कार्पेंटर तर ठरलेली चाल मुकाट पाळत होता. मी 'टोकाचा गडी' लिहीन.

घोडेस्वार: ही हजेरीपटावरची नोंद झाली. टोपणनावात ऐट नको? 'एकांडा गडी' करा. शिलेदार गाळला की बंडखोरी बरीचशी गळते.

चौकस: पटलं. आणि हडलला, म्हणजे त्या कोंडाळ्याला, 'खलबत'?

गोफण: गमतीनं एकदा ठीक. एरवी 'कोंडाळं'च. 'कार्पेंटर कोंडाळ्याबाहेर' लगेच डोळ्यांपुढे येतं.

चौकस: मथळा 'अजिंक्य सेना' असा योजलाय. नोत्र दाम विद्यापीठाला १४-२, शेवटी नौदल प्रबोधिनीला २२-६ असं हरवलं. त्यांच्याच पीट डॉकिन्सला वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइजमन करंडकही मिळाला.

घोडेस्वार: पिट्सबर्गशी १४-१४ बरोबरी झाली होती ना? आठ विजय, एक बरोबरी. तेव्हा 'अपराजित' लिहा. आपल्याकडे 'अजिंक्य' म्हटलं की अजिंक्यपद आठवतं, आणि एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत ते तिसरे होते. त्या वर्षीचं अजिंक्यपद लुइझियाना स्टेट विद्यापीठाचं.