बास गिटारच्या तारा : आधी आवाज कुठला हवाय ते ठरव
बासला तारांचा सेट एलिक्सर कंपनीचा घ्यावा की डॅडारिओचा असं विचारलंयस, तर हाताला घाम जास्त येत असेल तर कोटिंगवाला एलिक्सरच घे, सेट महाग पडतो पण मुंबईच्या दमट हवेत साध्या निकेलच्या तारा लवकर मरतात, घाम नि मळ तारेवरच्या वेढ्यांच्या फटीत जाऊन बसतो आणि आवाजातली चमक जाते. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर आपटून वाजवणार असशील तर रोटोसाउंड स्विंग बास ६६, स्टेनलेस स्टील, एकदम खणखणीत, फक्त फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जास्त झिजतात हां. आणि मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या गाण्यांसारखा गोल दबका आवाज हवा असेल तर ला बेला फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेढ्यांच्या गुळगुळीत तारा!! मोटाउनचा बासवादक जेम्स जेमरसन तार तुटेपर्यंत बदलायचाच नाही. मी स्वतः ४५-१०० जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागात, सगळ्यात बारीक ते सगळ्यात जाड तार) साधा डॅडारिओ लावतो, वाजवून झालं की दरवेळी कोरड्या फडक्याने पुसतो, खरंच फरक पडतो त्याने.