टॉपर आहे म्हणून सामान मोकळं?
पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यावर टॉपर (म्हणजे खिडक्या असलेलं बंद टप) बसवला की आतलं सामान बांधायची गरज नाही, असं वर एकाने म्हटलंय, ते पटलं नाही. टॉपर पाऊस अडवतो, चोर अडवतो; ब्रेक मारल्यावर पुढे धावणारा बर्फाचा कूलर अडवत नाही. कोलोरॅडोत घाट उतरताना माझा भरलेला पाण्याचा कॅन टॉपरच्या पुढच्या काचेवर आदळला, तेव्हापासून कानाला खडा.

एक मात्र कुणी लिहिलं नाही. टॅकोमाच्या (टोयोटाचा पिकअप) हौद्याच्या कडेच्या रुळांतले, सामान बांधायचे सरकते हूक माझ्या टॉपरच्या क्लॅम्पना अडतात, म्हणून क्लॅम्प कसण्याआधीच ते हवे तिथे सरकवून ठेवावे लागले. जड सामान केबिनला भिडवून ठेवतो. आणि सामान बांधायच्या पट्ट्यावर ताकदीचे दोन आकडे असतात: एक तुटण्याचा, दुसरा वापरायचा, साधारण त्याच्या १/३. मी कित्येक दिवस मोठाच वाचून खूश होतो!