मुंबई इंडियन्सचे आयपीएल २०२६ साठीचे ट्रेड: शहाणपण की नाइलाज?

हर्णै_बंदर

मंडळी, लिलाव होऊन गेला तरी विषय डोक्यातनं जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. १६ डिसेंबर २०२५ ला अबुधाबीला आपली मुंबई लिलावाला बसली तेव्हा पर्समधे, म्हणजे खेळाडूंवर खर्चायच्या ठरावीक रकमेत, शिल्लक किती, तर २.७५ कोटी, दहा टीममधे सगळ्यात कमी. त्यात डी कॉक १ कोटीला आला आणि बाकी चार पोरं ३०-३० लाखाला, दानिश मालेवार, अथर्व अंकोलेकर, मोहम्मद इझहार आणि मयंक रावत. म्हणजे खरी खरेदी नोव्हेंबरमधेच ट्रेडमधनं, लिलावाबाहेर टीमटीमच्या देवघेवीत, उरकली होती. शार्दूल ठाकूर लखनौकडनं २ कोटी, रुदरफोर्ड गुजरातकडनं २.६० कोटी, मार्कंडे कोलकात्याकडनं ३० लाख, आणि अर्जुन तेंडुलकर लखनौला दिला.

आता मला सांगा हे शहाणपण आहे की नाइलाज? पाच जणांवर आपले ७५ कोटी अडकलेत, बुमरा १८, सूर्या आणि हार्दिक १६.३५, रोहित १६.३०, तिलक ८. एकूण पर्सच १२५ कोटीची, म्हणजे साठ टक्के पैसा पाच जणांत आणि उरलेल्यात अख्खी टीम बसवायची. हे पाच जण मला नकोत असं अजिबात नाही, पण २०२० नंतर २०२५ पर्यंत कप आलेला नाही हे पण खरंच ना. २०२४ ला तर दहावा नंबर. आणि २०२५ च्या सिझनला अहमदाबादची क्वालिफायर २, फायनलच्या आधीची मॅच, आठवा, २०३ करून पंजाबकडनं हरलो. श्रेयसने ४१ बॉलात नाबाद ८७ मारले आणि एकोणिसाव्या ओव्हरला अश्वनी कुमारला चार सिक्स. अश्वनीला दोष नाही देत मी, पोरगा पहिल्याच सिझनचा, पण एवढ्या मोठ्या मॅचला एकोणिसावी ओव्हर त्याच्यावर यावी यातच सगळं आलं. मग ते भोक आपण यावेळी बुजवलं का? मला तरी अजून दिसत नाहीये, तुम्हाला दिसत असेल तर समजावून सांगा.

केळवा_माहीम_९१

दादा, मी पालघरचा, त्यामुळे शार्दूलबद्दल मी बोलणारच. आमच्या पालघरजवळच्या माहीमचा पोरगा शेवटी मुंबईच्या जर्सीत येतोय याचा आनंद इथल्या माणसाला विचारा! पंजाब, पुणे, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, लखनौ एवढं सगळं फिरून आला पण या ट्रेडआधी मुंबई इंडियन्सकडनं एक मॅच नाही. आणि हा त्याचा तिसरा ट्रेड आहे, आधी २०१७ ला पंजाबकडनं पुण्याला, मग २०२३ साठी दिल्लीकडनं कोलकात्याला, आणि आता हा. ज्या माणसासाठी तीन-तीन वेळा लोक फोन उचलतात त्याच्यात काहीतरी असणारच.

तुमचा एकोणिसाव्या ओव्हरचा मुद्दा घेतो. २०२५ मधेच लखनौला आपली मॅच झाली, ४ एप्रिलला, आठवते का? त्यांचे २०३. आपल्याला दोन ओव्हरमधे २९ हवे होते, हार्दिक आणि तिलक क्रीजवर. एकोणिसावी टाकायला आला शार्दूल आणि त्याने ७ दिले. फक्त ७! त्याच ओव्हरमधे तिलकला रिटायर्ड आउट करून, म्हणजे आउट नसताना परत बोलावून, सँटनरला आत पाठवलं, त्यावर आठवडाभर राडा झाला, पण मुळात ती वेळ आली कशामुळे? शार्दूलने बॉल अंगाबाहेर, हळू, बॅटच्या टप्प्यात येऊच दिला नाही म्हणून. १२ रनांनी हरलो आपण. तर ज्याने आपल्याला त्या ओव्हरला बांधून ठेवलं त्यालाच २ कोटीत उचलून आणलंय, याच्यापेक्षा सरळ उत्तर काय असणार.

बरं, हा माणूस त्या सिझनच्या आधी जेद्दाच्या लिलावात कुणीच घेतला नव्हता. मोहसीन खान जखमी झाला म्हणून लखनौने बोलावला आणि आल्या आल्या हैदराबादमधे हैदराबादविरुद्ध ३४ रनांत ४ विकेट. पहाटेच्या गाडीने किट बॅग घेऊन मुंबईला जाऊन खेळलेला माणूस आहे तो, २०१८ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यावरनं परत आला तेव्हा पण अंधेरीला लोकल पकडून घरी आला होता. अशा माणसाला न घेतल्याचं दुःख कळतं आणि तो ते बॉलिंगमधे काढतो.

वाशिष्ठी_चिपळूण

मी जरा हिशेबाच्या बाजूने बोलते कारण भावनेत सगळे चांगलेच वाटतात.

तीन ट्रेड मिळून खर्च ४.९० कोटी. अर्जुनचे ३० लाख सुटले. आता त्याच लिलावात चेन्नईने काय केलं बघा, प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा, दोघंही अनकॅप्ड, म्हणजे भारताकडनं न खेळलेले, प्रत्येकी १४.२० कोटी. एकेका पोराला! आणि कॅमेरून ग्रीन, जो आपण २०२३ च्या सिझनला १७.५० ला घेतलेला, तो कोलकात्याने २५.२० ला नेला. लिलावाच्या हॉलमधे दोन टीमना एकच माणूस हवा असला की भाव असाच चढतो, ट्रेडमधे तो चढत नाही कारण तिथे दोन टीम आणि तो खेळाडू एवढेच बोलणार, तिसरा बोलीचं पॅडल उचलायला बसलेलाच नसतो. म्हणून हर्णै_बंदर, तुम्ही ज्याला नाइलाज म्हणताय तो मला नियोजनच वाटतो. त्यांना माहीत होतं की लिलावात हातात काही नसणार, मग जिथे भाव चढत नाही तिथेच आधी खरेदी करून टाकली.

आणि मुंबईची ही जुनीच सवय आहे. डी कॉक २०१९ च्या आधी बंगळुरूकडनं ट्रेडनेच आला होता, २.८० कोटीला, आणि २०१९, २०२० दोन्ही कप त्याच्या ओपनिंगवर उभे राहिले. बोल्ट दिल्लीकडनं ट्रेडने आला आणि २०२० ला २५ विकेट काढल्या. हार्दिकचा ट्रेड तर सगळ्यांना माहीत आहे, त्यासाठी ग्रीन बंगळुरूला सोडावा लागला. तो ट्रेड बरोबर की चूक यावर इथे आधीच बरीच भांडणं झालीत, ती मी परत उकरत नाही.

एक गंमत मात्र सांगते. २०१९ च्या जुलैमधे आपण मार्कंडे दिल्लीला दिला होता आणि बदल्यात कोण घेतला होता? रुदरफोर्ड. तो २०२० ला आपल्याकडे होता पण खेळायला एक मॅच मिळाली नाही. आता दोघंही एकाच वेळी आपल्याकडे!

कुडाळचो_झील

माका तां पटूक नाय. तुमी सगळे शार्दूल शार्दूल करतास पण ती एक ओव्हर झाली रे बाबा, अख्ख्या सिझनची इकॉनॉमी अकराच्या आसपास होती तेची, तां कोण बोलणा नाय. पावर प्लेत विकेट काढता, मधे मार खाता, असो बॉलर आमच्याकडे दीपक चहर आसाच की ९.२५ कोटीचो. दोघव एकाच जातीचे, दोघव नव्या बॉलार बरे.

माजो राग वेगळोच आसा. विघ्नेश पुथूराक सोडल्यानी कित्याक? डावखुरो मनगटी स्पिनर, केरळातलो, ३० लाखाचो झील, चेन्नईच्या विरोधात पयल्याच मॅचीत रुतुराज, दुबे आणि हुडा तिघांक काढल्यान. असो बॉलर रस्त्यार गावता काय? दुखापत झाली तेका, खरा आसा, पण दुखापत गझनफराक पण झाली होती, तेका ठेवल्यानी आणि ४.८० कोटी तेच्यार. आता पुथूर राजस्थानान ३० लाखातच घेतलो. आणि तेच ३० लाख आमी मार्कंडेर घातले, जो कोलकात्याक गेल्या सिझनात बाकड्यारच बसान होतो. ह्यो व्यवहार माका समजाक नाय.

आक्षी_नागाव

कुडाळच्या भावाचा मुद्दा बरोबर आहे पण अर्धाच. पुथूर आणि गझनफर ही तुलना नीट बसत नाही, कारण लिलावात परत गेला तर गझनफर ४.८० ला मिळेलच याची खात्री काय, आणि मिळाला नाही तर तसा मिस्टरी स्पिनर २.७५ कोटीत कुठनं आणणार. पुथूर मात्र परत ३० लाखात घेता आला असता हे मी पण म्हणतो, पर्समधे ५५ लाख उरले शेवटी! तो पॅडल का नाही उचलला हे मला पण कळलेलं नाही.

मी आमच्याकडच्या टेनिस बॉलच्या लीगमधे टीम उतरवतो त्यामुळे पाच जणांवर पैसा अडकण्याबद्दल थोडं बोलतो. आमच्याकडे आता सगळीकडे पॉइंटवर लिलाव होतो, देवळाच्या सभामंडपात टेबलं लावून. प्रत्येक टीमला ठरावीक पॉइंट. नवीन मालक पहिल्या अर्ध्या तासात सगळे पॉइंट एका बॅटरवर उडवतो, मग शेवटी त्याला जी पोरं मिळतात त्यात बॉलर दोन आणि विकेटकीपर कोणच नाही. तर पैसा वरच्या पाच जणांवर गेला म्हणून टीम बिघडत नाही, टीम बिघडते ती सातव्यापासून अकराव्या नंबरापर्यंतची माणसं ठरवून न घेतल्यामुळे. मुंबईने नेमकं ते काम केलंय, वरचे पाच हलवले नाहीत आणि खाली शार्दूलसारखा माणूस बसवला जो आठव्या नंबरला येऊन खेळ फिरवू शकतो. कोलकात्याकडनं बंगळुरूविरुद्ध २०२३ ला त्याने २९ बॉलात ६८ मारलेत, ईडनला, ते विसरू नका. चहर असं करेल का?

आणि चहरचं शरीर. गेल्या सिझनला प्लेऑफच्या वेळी तोच बाहेर होता. त्याच्या जागेला कोण हे २०२५ ला ठरलेलंच नव्हतं, आता ठरलंय. दोघं एकाच जातीचे आहेत हीच तर सोय आहे.

एक विषय सोडून बोलतो, राग मानू नका. पालघर मुंबई असोसिएशनच्या हद्दीत येतं म्हणून शार्दूलला कांगा लीग (मुंबईतली क्लबांची स्पर्धा), मुंबई रणजी हा रस्ता तरी होता. आमची रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गची पोरं महाराष्ट्र असोसिएशनकडे, म्हणजे सगळं पुण्याला. एमपीएलमधे, म्हणजे महाराष्ट्र प्रीमियर लीगमधे, रत्नागिरी जेट्स पहिले दोन्ही सिझन जिंकले, पण सामने सगळे पुण्याजवळ गहुंजेला. रत्नागिरीतल्या पोराने रत्नागिरीची टीम बघायची तर घाट चढून जायचं. एवढं वेड असलेल्या पट्ट्यात एक तरी धड टर्फचं ग्राउंड आणि तिथे मोठे सामने हवेत, यावर कुणीतरी स्वतंत्र विषय काढा, मी लिहीन.

हर्णै_बंदर

आक्षी_नागाव, शेवटचा मुद्दा अगदी माझ्या मनातला, नक्की काढूया.

वाशिष्ठी ताई, तुमचा तिसरा पॅडलवाला मुद्दा पटला. पण एक शंका राहतेच. परदेशी आठ जणांची जागा पूर्ण भरलीये, बोल्ट, सँटनर, जॅक्स, रिकल्टन, बॉश, गझनफर, रुदरफोर्ड, डी कॉक. खेळणार चारच. त्यात रिकल्टन आणि डी कॉक दोघंही दक्षिण आफ्रिकेचे, डावखुरे, ओपनर, कीपर. हे असं का? त्या एका जागेवर परदेशी वेगवान बॉलर का नाही घेतला? लिलावाच्या वेळीच बोल्ट ३६ वर्षांचा होता.

वाशिष्ठी_चिपळूण

त्याचं कारण २०२५ च्या मे महिन्यात आहे. सिझन लांबला, आणि प्लेऑफच्या आधी रिकल्टन, जॅक्स, बॉश तिघेही देशाकडे निघून गेले. ऐन वेळी बेअरस्टोला आणावं लागलं. ओपनर-कीपरची जोडी असली तर एक गेला तरी रचना मोडत नाही, रोहितबरोबर डावखुरा हवा तो राहतोच. आणि १ कोटीला डी कॉक मिळत असताना न घेणं म्हणजे वेडेपणा. परदेशी वेगवान बॉलर म्हणाल तर उरलेल्या पैशात चांगला कोण येणार होता? माझे चार म्हणजे डी कॉक, जॅक्स, सँटनर, बोल्ट. वानखेडेला दव असलं तर सँटनरच्या जागी रुदरफोर्ड इम्पॅक्टला, म्हणजे मॅचमधला बदली खेळाडू म्हणून.

केळवा_माहीम_९१

ताई, जॅक्स का? सूर्या २०२५ च्या सिझनला ७१७ रन करून बसलाय, तिलक आहे, नमन धीर आहे, हार्दिक आहे. वरती गर्दी आहे आपल्याकडे. मी जॅक्सच्या जागी सरळ बॉश खेळवेन, तो चार ओव्हर पण टाकतो आणि खाली येऊन मारतो पण. मग बुमरा, बोल्ट, बॉश, शार्दूल, हार्दिक असे पाच वेगवान होतात आणि चहरला एकेक मॅच आड विश्रांती देता येते. एकोणिसावी ओव्हर मग एकट्या बुमरावर पडत नाही, त्याला सतरावी आणि विसावी देता येते.

कुडाळचो_झील

आणि स्पिन कोण घालतलो? सँटनर एकटो? चेन्नईक चेपॉकात जाशात तेवा पाच वेगवान घेवन काय करतलास? जॅक्साच्या ऑफस्पिनाचे दोन ओव्हर तरी गावतत. म्हणान मी परत तांच सांगतंय, पुथूर असतो तर ह्यो वादच होवचो नाय, भारतीय स्पिनर म्हणान परदेशी जागा पण वाचली असती. आता मार्कंडेन २०१८ सारखी बॉलिंग केल्यान तर मी हंय येवन मान्य करतलंय. तेवा पयल्याच मॅचीत चेन्नईच्या तीन विकेट काढलेल्यान तेनी पण. पण तेका आठ वर्सा झाली.