हवाईच्या राणीची सत्ता नेमकी कोणी उलथवली?

प्रश्न (सातारा)
नमस्कार. मी शाळेत इतिहास शिकवते. दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा खालसा केला, हा भाग चालू असताना एका मुलीने असे आणखी कुठे घडले का, असे विचारले, आणि मी प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांचे नाव घेतले. १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकलानी यांची सत्ता गेली, हे सांगितले. पण ती अमेरिकेने घालवली की तिथल्या बागायतदारांनी, यावर ती अडून बसली. ‘बोस्टन’ या अमेरिकी युद्धनौकेवरून उतरलेले सैनिक अवघे १६२ होते. एवढ्यांनी राज्य कसे जाईल?

उत्तर (कराड)
बाई, संख्येपेक्षा सैनिक कुठे उभे केले ते पाहावे. अमेरिकी नागरिकांच्या रक्षणासाठी म्हणून १६ जानेवारीला उतरवलेले सैनिक त्या नागरिकांच्या वस्तीत न ठेवता सरकारी कचेरीला लागून आणि राजवाड्याच्या समोरच्या बाजूला, एरियन हॉलमध्ये ठेवले गेले. बंड करणाऱ्या १३ जणांच्या समितीजवळ स्वतःचे बळ बेताचेच होते. तरी अमेरिकेचे तिथले राजनैतिक प्रतिनिधी जॉन स्टीव्हन्स यांनी, राणीने शरणागती पत्करण्यापूर्वीच, या समितीच्या हंगामी सरकारला मान्यता देऊन टाकली. म्हणूनच रक्तपात टाळण्यासाठी माघार घेताना राणीने आपण अमेरिकेच्या वरचढ बळापुढे नमत आहोत, असे लेखी नोंदवले, बंडखोरांपुढे नव्हे. त्या निषेधपत्राचा सगळा जीव या एका शब्दयोजनेत आहे, असे मला वाटते.

उत्तर (वाळवा, जि. सांगली)
आमच्या भागात उसाचा दर हलला की घराघरात त्याचीच चर्चा असते, म्हणून मला या प्रकरणातली साखर महत्त्वाची वाटते. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत विनाजकात जाई आणि त्यावर मळेवाले गब्बर झाले. १८९० च्या कायद्याने सर्वच देशांच्या कच्च्या साखरेवरची जकात उठली आणि अमेरिकेतल्या उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान मिळू लागले. हवाईचा फायदा संपला. अमेरिकेत सामील होण्याची ओढ अनेकांना त्यामुळे लागली. मात्र सगळे साखरेवर ढकलणेही चुकीचे ठरेल, कारण १८८७ मध्येच राजा कालाकाउआ यांच्यावर बळजबरीने लादलेल्या राज्यघटनेने राजाचे अधिकार आणि मिळकत नसलेल्या असंख्य स्थानिकांचे मत हिरावले होते. राणी ती घटना बदलू पाहत होत्या.

उत्तर (सातारा)
साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराज यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी वर्षानुवर्षे लंडनला तळ देऊन राहिले, हे आपल्याला ठाऊक आहेच. हवाईकरांनीही तोच मार्ग धरला: १८९७ मध्ये सामिलीकरणाविरुद्ध २१,००० हून अधिक सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला नेला आणि अमेरिकेच्या सिनेटमध्ये सामिलीकरणाचा करार अडला. पुढच्या वर्षी मात्र साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने बेटे घेतली गेली. अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी १८९३ मध्येच राणीची सत्ता घालवणे हा अन्याय असल्याचे अमेरिकेच्या काँग्रेसला (संसदेला) कळवले होते, तरी अमेरिकेची अधिकृत माफी आली ती १९९३ मध्ये.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. उद्या फळ्यावर राजवाडा, कचेरी आणि एरियन हॉल काढून, सैनिक कोणाच्या रक्षणाला उभे होते, हे त्या मुलीलाच विचारणार आहे.